दुसरा क्लाउड घ्यायचा, तर त्याला आधी काम नेमून द्या

पहाटे सहाला दूध संस्थेच्या दारात किटल्या घेऊन रांग लागते. काट्यावर दूध ओतलं जातं, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅटखेरीजचे घन पदार्थ) मोजतात, पावती छापली जाते आणि रांग पुढे सरकते. दर दहा दिवसांनी या पावत्यांचं बिल निघतं. कित्येक घरांत पोरांची फी आणि जनावरांची पेंड त्याच बिलातून भागते. आमची चार जणांची टीम या संस्थांचं सॉफ्टवेअर सांभाळते. त्यामुळे "सगळा डेटा एकाच कंपनीच्या क्लाउडवर आहे, उद्या तिथेच काही झालं तर?" ही आमच्यासाठी रोजची काळजी होती. (क्लाउड म्हणजे कंपनीकडून भाड्याने घेतलेले, इंटरनेटवरून वापरायचे सर्व्हर.)

ती काळजी मिटवताना जे शिकलो ते इथे पायरीपायरीने लिहितो आहे. उदाहरण आमचंच घेतो: मुख्य काम एडब्ल्यूएस म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये (रीजन म्हणजे एका भागातला कंपनीच्या डेटा सेंटरांचा समूह) आणि दुसरं ठिकाण गूगल क्लाउडच्या दिल्ली रीजनमध्ये. तुमच्याकडे मायक्रोसॉफ्टचं ॲझ्युर असेल तरी क्रम हाच राहील. लेख तीन ते दहा जणांच्या टीमसाठी आहे आणि माझं मत सुरुवातीलाच सांगतो: एकच ॲप एकाच वेळी दोन क्लाउडांवर चालवायच्या मागे एवढ्या टीमने लागू नये. दुसऱ्या क्लाउडला एकच नेमकं काम द्यावं आणि ते चोख करून घ्यावं.

पहिली पायरी: कारण एका वाक्यात लिहा

कागद घ्या आणि "आम्हाला दुसरा क्लाउड हवा, कारण…" एवढं लिहून वाक्य पुरं करा. ते पुरं होत नसेल तर दुसरं खातं उघडू नका. "तिकडे मशीन स्वस्त मिळतं" हे कारण बहुतेक वेळा टिकत नाही, कारण मशीनच्या भाड्यात वाचलेले पैसे डेटा इकडून तिकडे नेण्यात जातात. त्याचा हिशेब पुढे दिला आहे.

टिकणारं कारण कोणतं हे कळायला, मोठे बिघाड कसे झाले ते बघावं लागतं. २८ फेब्रुवारी २०१७ ला एडब्ल्यूएसच्या व्हर्जिनिया रीजनमध्ये एस३ ही फाइली साठवायची सेवा बंद पडली, ती देखभालीच्या कमांडमध्ये चुकीची संख्या टाइप झाल्यामुळे. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक पूर्ण इमारत जळाली. या घटना एका जागेच्या होत्या. त्यांच्यावर उपाय म्हणजे त्याच कंपनीचं दुसरं रीजन, आणि ते दुसऱ्या क्लाउडपेक्षा कितीतरी सोपं पडतं. तुमची काळजी एवढीच असेल तर मुंबईसोबत हैदराबाद घ्या आणि इथेच थांबा.

पण १२ जून २०२५ ला गूगल क्लाउडचं वेगळं झालं. परवानग्या तपासणाऱ्या अंतर्गत व्यवस्थेत एक नोंद काही रकाने रिकामे ठेवून गेली, ती काही सेकंदांत जगभरच्या रीजनमध्ये पोहोचली आणि ती वाचणारा प्रोग्राम सगळीकडे एकदमच कोसळू लागला. तिथे दुसरं रीजन कामाला आलं नसतं. त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२४ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचं गूगलकडचं खासगी क्लाउडच पुसलं गेलं. उभारणीच्या वेळी एक रकाना रिकामा राहिला होता, म्हणून व्यवस्थेने एक वर्षाची मुदत गृहीत धरली आणि वर्ष भरल्यावर सगळं आपोआप काढून टाकलं. सहा लाखांहून अधिक सभासदांना आठवडाभर आपलं खातं पाहता येत नव्हतं. निधीने बॅकअप आणखी एका कंपनीकडेही ठेवला होता आणि सावरताना तो उपयोगी पडला.

दोन्ही वेळा मूळ कारण एकच होतं, रिकामा राहिलेला रकाना. असल्या चुकीला आग किंवा पूर लागत नाही आणि रीजनची भिंतही ती मानत नाही. आमचं वाक्य त्यावरून ठरलं: "आमचं एडब्ल्यूएस खातं पूर्ण बंद झालं किंवा पुसलं गेलं, तरी दूध संस्थांची पावती त्याच दिवशी संध्याकाळच्या संकलनाला पुन्हा निघाली पाहिजे आणि गेलेला डेटा पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नसावा." त्यातल्या दोन वेळांवर पुढचा प्रत्येक निर्णय आणि प्रत्येक खर्च ठरतो. त्या वेळा संस्थेच्या सचिवांना विचारून ठरवा, स्वतःच्या अंदाजाने नको. आम्ही आधी एका तासात सगळं पुन्हा उभं करायचं धरून चाललो होतो. सचिव म्हणाले, "एक वेळ वहीवर लिहून घेऊ, फक्त जुना हिशेब जाऊ देऊ नका." त्या एका वाक्याने आमचा महिन्याचा खर्च निम्म्यावर आला.

दुसरी पायरी: जागा निवडा

एडब्ल्यूएसचं मुंबई रीजन २०१६ मध्ये सुरू झालं, हैदराबाद २०२२ मध्ये. गूगल क्लाउड २०१७ मध्ये मुंबईत आणि २०२१ मध्ये दिल्लीत आलं. ॲझ्युरची २०१५ पासून तीन रीजन आहेत: ज्याला ते 'सेंट्रल इंडिया' म्हणतात ते पुण्यात, 'साउथ इंडिया' चेन्नईत आणि 'वेस्ट इंडिया' मुंबईत. या तिघांत एकमेकांपासून अलग अशा अव्हेलेबिलिटी झोनची (एकाच रीजनमधल्या स्वतंत्र डेटा सेंटरांची) सोय पुण्यात आहे, त्यामुळे ॲझ्युर घ्यायचंच असेल तर मी पुणे घेईन.

मुख्य काम मुंबईत असेल तर दुसऱ्या कंपनीचंही मुंबई रीजन निवडू नका. २६ जुलैचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना कारण सांगायला नको. नव्या रीजनमध्ये सगळ्या सेवा नसतात, तेव्हा तुम्हाला लागणाऱ्या चार-पाच सेवा तिथे आहेत का हे आधी तपासा.

कायद्याचं थोडक्यात. पेमेंटचा डेटा हाताळत असाल तर रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे तो भारतातच साठवावा लागतो. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि लॉग (यंत्रणेतल्या घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस जपायचे असतात. दोन क्लाउड असतील तर लॉग दोन्हीकडचे जपायचे. 'मुख्य नाही म्हणून चालतं' असं नसतं.

तिसरी पायरी: खाती आणि किल्ल्या

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. डेटाची प्रत दुसऱ्या कंपनीकडे गेली, पण दोन्हीकडच्या किल्ल्या एकाच जुडग्यात राहिल्या, तर प्रत असून नसल्यासारखी.

सुरुवात ईमेलपासून करा. दोन्ही क्लाउडांच्या मूळ मालकखात्यांसाठी वेगवेगळे ईमेल ठेवा. आता हा फास तपासा: मालकखात्याचा ईमेल तुमच्या कंपनीच्या डोमेनवर आहे, आणि त्या डोमेनचं डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी व्यवस्था) त्याच क्लाउड खात्यात आहे. खातं बंद झालं की डीएनएस बंद, डीएनएस बंद की मेल बंद, आणि खातं परत मिळवायचा कोड त्या मेलवरच येणार. म्हणून डोमेनची नोंदणी आणि डीएनएस दोन्ही क्लाउडांच्या बाहेर, तिसऱ्याच कंपनीकडे ठेवा. पुढे ट्रॅफिक वळवतानाही याचाच फायदा होतो.

मग पैसे. आपल्याकडे कार्डावरून दर महिन्याला आपोआप जाणारी रक्कम १५,००० रुपयांच्या वर असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक वेळी ओटीपी लागतो. आमचं एका क्लाउडचं बिल एका महिन्यात या रेषेच्या वर गेलं. ओटीपी गेला हिशेब बघणाऱ्या सहकाऱ्याच्या फोनवर. तो गणपतीला कोकणात गावी गेला होता आणि तिथे फोनला रेंज नव्हती. बिल थकलं, स्मरणपत्रं येत राहिली, आणि ती स्मरणपत्रंसुद्धा त्याच्याच मेलवर जात होती. खातं बंद व्हायच्या चार दिवस आधी योगायोगाने कळलं. तेव्हापासून दोन नियम पाळतो: दोन क्लाउडांना दोन वेगळ्या बँकांची कार्डं, आणि बिलाचा मेल किमान तिघांना.

माणसांसाठी एकच लॉगिन ठेवा. कंपनीच्या मेलखात्यानेच दोन्ही क्लाउडांत शिरता यावं, म्हणजे कोणी नोकरी सोडली की एका जागी बंद केलं तरी पुरतं. पण ते लॉगिनच बंद पडलं तर काय, यासाठी प्रत्येक क्लाउडवर एक आणीबाणीचं खातं असू द्या. त्याचा पासवर्ड आणि ओटीपीची चावी ऑफिसच्या तिजोरीत, बंद पाकिटात. ते खातं वापरलं गेलं की सगळ्यांना सूचना गेलीच पाहिजे.

प्रोग्रामसाठी कायमच्या चाव्या फाइलीत लिहून ठेवू नका. एडब्ल्यूएसवरच्या प्रोग्रामला गूगलमध्ये लिहायचं असेल तर 'वर्कलोड आयडेंटिटी फेडरेशन' वापरा. गूगल त्या एडब्ल्यूएस रोलची (प्रोग्रामला नेमून दिलेल्या भूमिकेची) ओळख पटवून घेतं आणि थोड्या वेळापुरता परवाना देतं. चोरायला कायमची चावीच शिल्लक राहत नाही.

परवाना किती द्यायचा, तर बॅकअप पाठवणाऱ्याला फक्त 'स्टोरेज ऑब्जेक्ट क्रिएटर' रोल. या रोलने नवी फाइल टाकता येते, पण जुनी पुसता येत नाही आणि तिच्यावर दुसरी लिहिताही येत नाही. म्हणून प्रत्येक बॅकअपच्या नावात तारीख आणि वेळ हवी, नाहीतर दुसऱ्या दिवशीच काम अडेल. वरून बकेटला (फाइली ठेवायच्या कप्प्याला) मुदत लावा: ३५ दिवस कोणीही, अगदी मालकसुद्धा, काही पुसू शकणार नाही. गूगलमध्ये याला बकेट लॉक म्हणतात, एस३ मध्ये ऑब्जेक्ट लॉक, आणि ॲझ्युरमध्येही अशीच सोय आहे. मात्र गूगलचं कुलूप एकदा लावलं की मुदत वाढवता येते, कमी करता येत नाही. आधी एका दिवसाच्या मुदतीने चाचणीच्या बकेटवर करून बघा.

चौथी पायरी: नेटवर्क

दोन क्लाउड खासगी नेटवर्कने जोडायची घाई करू नका. बॅकअप आणि डेटाबेसची प्रत यासाठी एन्क्रिप्ट केलेलं (सांकेतिक रूपात बंद केलेलं) साधं इंटरनेट कनेक्शन पुरतं. पण आयपी पत्त्यांची (नेटवर्कवरच्या मशीनच्या क्रमांकांची) आखणी मात्र आजच करा, कारण नंतर पत्ते बदलणं म्हणजे राहत्या घराचा पाया बदलणं.

कुठलेही दोन पत्ते एकमेकांवर यायला नकोत. एडब्ल्यूएसचं आयतं नेटवर्क १७२.३१.०.०/१६ घेतं. ॲझ्युरचा फॉर्म बहुधा १०.०.०.०/१६ सुचवतो. गूगलचं आपोआप बनणारं नेटवर्क १०.१२८.०.०/९ मधून पत्ते उचलतं, डॉकर (प्रोग्राम बंदिस्त डब्यासारखे, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) १७२.१७.०.० वर बसतो, आणि ऑफिसच्या राउटरवर १९२.१६८ असतंच. आम्ही एक पान केलं: एडब्ल्यूएसला १०.१०, गूगलला १०.२०, पुढे ॲझ्युर आलं तर १०.३०. आयतं नेटवर्क दोन्हीकडे काढून टाकलं.

एक फरक लक्षात असू द्या. गूगलमध्ये नेटवर्क जगभर एक असतं आणि सबनेट (नेटवर्कचा उपभाग) रीजनचं असतं. एडब्ल्यूएसमध्ये नेटवर्क रीजनचं आणि सबनेट एका झोनचं. ॲझ्युरमध्ये नेटवर्क रीजनचं, पण सबनेट सगळ्या झोनमध्ये पसरतं. नाव सगळीकडे सबनेटच असल्यामुळे इकडून तिकडे जाणारा माणूस हमखास फसतो.

पाचवी पायरी: उभारणी कोडमधून

दुसऱ्या क्लाउडवर माउसने क्लिक करून काहीही उभं करू नका. मुख्य क्लाउडवर तुमचा हात रोज फिरतो, त्यामुळे तिथलं लक्षात राहतं. दुसरीकडे तीन महिन्यांनी जाल तेव्हा काय का केलं होतं हे कोडच सांगेल. कोडवरून उभारणी करायला टेराफॉर्म किंवा ओपनटोफू, दोन्ही साधनं चालतात. ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्मचा परवाना बदलल्यावर ओपनटोफू त्यातूनच फुटून निघालं आणि आज लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. आम्ही तेच वापरतो.

दोन्ही क्लाउडांना चालेल असा एकच सामाईक कोड लिहायचा मोह होतो. तो टाळा. सेवा दिसायला सारख्या असल्या तरी बारकावे इतके वेगळे असतात की मधला थर सांभाळण्यातच टीमची शक्ती जाते. दोन फोल्डर ठेवा. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे, स्टेट फाइली (काय काय उभं केलं याची साधनाने ठेवलेली नोंद) वेगळ्या ठेवा. दिल्लीच्या उभारणीची स्टेट फाइल मुंबईच्या एस३ बकेटमध्ये असेल तर ज्या दिवशी ती हवी त्याच दिवशी ती मिळणार नाही. हाच नियम कंटेनर इमेज (ॲपचं चालवायला तयार पॅकेज), कोडची प्रत, पासवर्ड आणि प्रमाणपत्रं यांनाही लावा. एकेका वस्तूवर बोट ठेवून विचारा: मुंबई पूर्ण अंधारात आहे, तरी ही मला मिळेल का?

सहावी पायरी: डेटा नेणं, आणि त्याचं बिल

आमचा डेटाबेस पोस्टग्रेस आहे, १८० जीबी, क्लाउडने चालवलेला. पावत्यांच्या प्रती आणि फोटो मिळून २ टीबी.

आधी एक गैरसमज दूर करू. क्लाउड रोज रात्री जो स्नॅपशॉट (डेटाबेसची त्या क्षणाची प्रत) घेतो तो उचलून दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. एडब्ल्यूएसमध्ये तो एस३ ला निर्यात होतो खरा, पण पार्के या विश्लेषणाच्या फॉरमॅटमध्ये. त्यावरून पोस्टग्रेस जसाच्या तसा उभा राहत नाही. मार्ग दोनच उरतात: डंप (सगळ्या डेटाची फाइलीत काढलेली प्रत) घेऊन पाठवणं किंवा लॉजिकल रेप्लिकेशन (प्रत्येक बदल लगोलग पलीकडच्या डेटाबेसला पाठवणं).

आता बाहेर जाणाऱ्या डेटाचा हिशेब, ज्याला इग्रेस म्हणतात. क्लाउडमध्ये डेटा आणायला सहसा पैसे पडत नाहीत, बाहेर न्यायला पडतात. एडब्ल्यूएस मुंबईतून इंटरनेटवर जाणारे पहिले १०० जीबी दर महिन्याला मोफत आहेत. पुढे आम्ही हिशेब केला तेव्हा दर जीबीला ०.१०९३ डॉलर होता (दर बदलतात, कंपनीच्या कॅल्क्युलेटरवर ताजा बघा). २ टीबी एकदा बाहेर काढायचे म्हणजे १,९०० गुणिले ०.१०९३, साधारण २०८ डॉलर. तेच २ टीबी एस३ मध्ये ठेवायला ०.०२५ दराने महिन्याला ५० डॉलर पडत होते. एकदा बाहेर काढणं म्हणजे चार महिन्यांचं भाडं. वर १८ टक्के जीएसटी.

रोजचा डंप दाबून ३० जीबी होत होता. महिन्याला ९०० जीबी, नवे फोटो ४० जीबी, मोफतचे १०० वजा केले तरी ९० डॉलरच्या आसपास, आणि इतकं करूनही डेटा एक दिवस जुना. आमच्या वाक्यात पंधरा मिनिटं होती. म्हणून रेप्लिकेशन घेतलं आणि डंप आठवड्यातून एकदाच ठेवला. बाहेर जाणारा डेटा महिन्याला १९० जीबीवर आला आणि त्याचा खर्च दहा-बारा डॉलरवर. दिल्लीत एक छोटा डेटाबेस सतत चालू ठेवावा लागतो, त्याचं भाडं वेगळं.

लॉजिकल रेप्लिकेशनचे तीन खड्डे आहेत. टेबलच्या रचनेतला बदल आपोआप पलीकडे जात नाही. नवा कॉलम आधी दिल्लीत टाका, मग मुंबईत. दुसरा खड्डा धोक्याचा: पलीकडचा डेटाबेस बंद पडला तर मुंबईचा डेटाबेस त्याच्यासाठी बदलांचा लॉग साठवत बसतो आणि डिस्क भरून मुख्य कामच थांबतं. सुरक्षेसाठी घेतलेल्या दुसऱ्या क्लाउडने पहिला बुडवायचा, असं होऊ देऊ नका. पोस्टग्रेस १३ पासून 'मॅक्स स्लॉट वॉल कीप साइज' ही मर्यादा घालता येते, ती घालाच. ती ओलांडली तर रेप्लिकेशन तुटेल आणि नव्याने लावावं लागेल, पण संकलन थांबणार नाही.

तिसरा खड्डा सिक्वेन्सचा. ओळी पलीकडे जातात, पण 'पुढचा क्रमांक कोणता' हे जात नाही. समजा मुंबईत शेवटची पावती ४,८२,११७ क्रमांकाची आहे. दिल्लीत ती ओळ पोहोचलेली असते, पण तिथला मोजणारा काटा अजून १ वरच असतो. दिल्ली सुरू केली की पहिल्याच पावतीला क्रमांक १ मिळतो, तो आधीच वापरलेला, आणि काट्यावर उभ्या माणसाला पावतीऐवजी एरर. बदली करण्याच्या कार्यपद्धतीत प्रत्येक सिक्वेन्स शेवटच्या क्रमांकाच्या हजारभर पुढे सरकवणारी स्क्रिप्ट हवी. ती आजच लिहून ठेवा.

फोटो इकडून तिकडे न्यायला आरक्लोन हे साधन चांगलं आहे. तुलना करायला त्याला बकेटमधलं वाचावं लागतं, म्हणून त्याला वाचण्याचाही परवाना द्या, पुसण्याचा नको. मोठ्या फाइली एस३ मध्ये तुकड्यांनी चढतात आणि त्यांचा ईटॅग (एस३ ने फाइलला लावलेली खूण) हा फाइलचा एमडी५ (मजकुरावरून काढलेला ठसा) नसतो. त्यावरून दोन्हीकडची फाइल सारखी आहे का ते पडताळू नका. स्वतः काढलेला चेकसम, म्हणजे असाच ठसा, सोबत ठेवा.

थंड साठवण (क्वचित लागणाऱ्या फाइलींची स्वस्त जागा) घेताना मुदत बघा. गूगलच्या नियरलाइनला किमान ३० दिवसांचे पैसे लागतात, कोल्डलाइनला ९०, आर्काइव्हला ३६५. एस३ च्या डीप आर्काइव्हमधून फाइल नेहमीच्या पद्धतीने बाहेर यायला १२ तासांपर्यंत लागू शकतात. 'त्याच संध्याकाळी' अशी अट असेल तर ते बाद.

आणि एन्क्रिप्शनची चावी: पाठवण्याआधी डंप मुंबईच्या केएमएसमधल्या (क्लाउडच्या चाव्या सांभाळणाऱ्या सेवेतल्या) चावीने बंद केला असेल, तर मुंबई गेल्यावर दिल्लीतली फाइल म्हणजे कुलपाची चावी हरवलेली पेटी. आम्ही चावीची जोडी वेगळी बनवली. बंद करायची चावी सर्व्हरवर आहे, उघडायची कागदावर छापून तिजोरीत.

सातवी पायरी: खर्चावर आणि तब्येतीवर नजर

बजेटची सूचना म्हणजे बजेटची मर्यादा नाही. दोन्हीकडे ठरलेल्या रकमेला मेल येतो, सेवा आपोआप थांबत नाही, आणि खर्चाचे आकडे काही तास मागे असतात. ५०, ८० आणि १०० टक्क्यांवर सूचना लावा आणि दिल्लीसाठी वेगळं, लहान बजेट ठेवा.

टॅग (कोणता खर्च कशाचा हे कळायला लावलेल्या खुणा; गूगलमध्ये लेबल) सगळीकडे इंग्रजी लहान अक्षरांत लिहा. गूगलच्या लेबलला मोठी अक्षरं चालत नाहीत आणि एडब्ल्यूएसमध्ये लहान-मोठं अक्षर बदललं की टॅग वेगळा धरला जातो. दोन्ही बिलं शेजारी ठेवायची तर फोकस हा सामाईक बिल-फॉरमॅट वापरा. त्याची १.० आवृत्ती जून २०२४ मध्ये आली आणि मोठे क्लाउड त्यात बिल देतात.

नजर ठेवणारं साधन दोन्ही क्लाउडांच्या बाहेर असू द्या. बॅकअपची सूचना उलटी लावा: बॅकअप झाल्यावर प्रत्येक वेळी 'झाला' असा निरोप जावा आणि ठरलेल्या वेळेत निरोप आला नाही तर फोन वाजावा. 'बिघडलं' असा निरोप पाठवायला प्रोग्राम जिवंत असावा लागतो, आणि बिघाडात आधी तोच गेलेला असतो.

आठवी पायरी: रंगीत तालीम

दर तीन महिन्यांनी एक दुपार. सकाळचं संकलन संपल्यावर, साडेअकराला. नियम एकच: मुंबईच्या खात्यात कोणीही लॉगिन करायचं नाही. एक जण घड्याळ आणि वही घेऊन बसतो आणि अडलेली प्रत्येक गोष्ट वेळेसकट लिहितो.

आमच्या पहिल्या तालमीला पाच तास दहा मिनिटं लागली. डेटाबेसमध्ये एक एक्स्टेंशन (जोडून घ्यायची सुविधा) नव्हतं, त्यात चाळीस मिनिटं गेली. डीएनएसचा टीटीएल (जुना पत्ता किती वेळ धरून ठेवायचा ती मुदत) एक दिवसाचा होता, म्हणजे पत्ता बदलला तरी काही केंद्रं दुसऱ्या दिवसापर्यंत जुन्याच दारावर गेली असती. आता तो ६० सेकंद आहे. सगळ्यात मोठी अडचण तिसरीच निघाली. बँकेला दहा दिवसांच्या बिलाची फाइल पाठवायला आणि एसएमएस सोडायला पलीकडच्यांनी आमचा आयपी नोंदवून घेतलेला असतो. दिल्लीचा आयपी त्यांच्या यादीत नव्हता, आणि तो घालून घ्यायला लेटरहेडवर पत्र, शिक्का आणि आठ दिवस लागले. ॲप त्याच दिवशी उभं राहिलं असतं, पण शेतकऱ्याच्या खात्यात पैसे आठ दिवसांनी गेले असते. दिल्लीत एक स्थिर आयपी आजच राखून ठेवा, त्याचं थोडं भाडं भरा आणि जिथे जिथे मुंबईचा आयपी दिला आहे तिथे हाही देऊन ठेवा.

तालीम झाली हे कशावरून ठरवायचं? लॉगिनचं पान उघडलं म्हणजे झालं, असं आम्ही मानत नाही. तीन केंद्रं निवडतो: एक मोठं, एक लहान आणि एक असं जिथे आदल्या दिवशी दुरुस्तीची पावती झाली होती. त्यांच्या सचिवांना फोन करून काल संध्याकाळचे एकूण लिटर, सरासरी फॅट आणि शेवटचा पावती क्रमांक विचारतो. ते त्यांच्या रजिस्टरमधून वाचून दाखवतात आणि आम्ही दिल्लीच्या पडद्यावर पडताळतो. गेल्या तालमीत हे तिन्ही आकडे तिन्ही केंद्रांवर जुळले, तेव्हा वहीत शेवटची वेळ लिहिली गेली: एक वाजून पन्नास मिनिटं.